कुलपातली सोय

‘हजेरीची काळजी तू करूच नकोस,’ निगडे सर म्हणाले. ‘ती मी लावतो. तू घरी आराम कर, पुस्तकं वाच, परीक्षेला तेवढी ये. तुझं नाव पटावरून हलणार नाही, हा माझा शब्द आहे, पद्मजा.’

दवाखान्यातून सुटून मी नुकतीच कॉलेजात परतले होते. ताप उतरला होता, पण त्याची राख अजून अंगात होती. मराठी विभागाच्या दारात माझी व्हीलचेअर अशी अडकून उभी होती की आत येणाऱ्याला माझ्या गुडघ्यांना वळसा घालावा लागत होता. शाहीन मुलाणी, माझी वर्गमैत्रीण, मागे खुर्चीची मूठ धरून उभी होती.

‘सर, मला घरी बसायचं नाही. मला किल्ली पाहिजे.’

‘किल्ली!’ सरांनी मान डोलावली. शब्द त्यांना आवडला होता. ‘अगदी बरोबर. शिक्षण हीच खरी किल्ली आहे.’

‘शौचालयाची किल्ली, सर.’

मागे शाहीनने खोकल्यासारखं काहीतरी केलं. सरांचा चेहरा, चालू कार्यक्रमात अचानक वीज गेल्यावर सूत्रसंचालकाचा होतो तसा झाला. ‘हो हो,’ ते म्हणाले, ‘त्याचंही बघू आपण,’ आणि समोरचे कागद उगाच सारखे करू लागले.

निगडे सर वाईट नव्हते, आणि माझ्या सगळ्या वैतागाचं मूळ तेच होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. कॉलेजच्या समान संधी केंद्राचे ते प्रमुख होते. माझ्यासाठी त्यांनी मराठीचे सगळे तास वरच्या मजल्यावरून खाली आणले, त्यासाठी भूगोल विभागाशी वैर पत्करलं. प्रवेशद्वारालगत रॅम्प त्यांच्याच पाठपुराव्याने झाला. आणि रॅम्पच्या पलीकडे, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, रुंद दाराचं, आत आधाराच्या दांड्या असलेलं, कमोडचं एक शौचालयही त्यांनीच मंजूर करून आणलं. दारावर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र, खाली ‘दिव्यांगांसाठी’ अशी ठसठशीत अक्षरं, आणि अक्षरांच्या खाली पितळी कुलूप. मी पहिल्या वर्षाला आले तेव्हा ते दार बांधून झालेलं होतं. दुसरं वर्ष निम्मं सरलं तरी कुलूप निघालेलं नव्हतं.

माझे पाय लहानपणीच्या एका तापाने नेले. हातांत मात्र ताकद होती. दांडी धरायला मिळाली तर मी खुर्चीवरून कमोडवर आणि कमोडवरून खुर्चीवर स्वतःची स्वतः जाऊ शकत होते. कुणाची मदत लागत नव्हती, फक्त दांडी लागत होती. मुलींचं शौचालय मागच्या अंगाला होतं, पायऱ्या चढून, अरुंद दारातून, आणि आत उकिडवं बसण्याची सोय. एकदा शाहीन आणि आणखी एक मुलगी मला बखोटीला धरून तिथे घेऊन गेल्या. मग त्यांना मला तिथून तशाच ओल्या कपड्यांनी परत आणावं लागलं. त्या दिवसाविषयी आम्ही तिघी पुन्हा कधी बोललो नाही.

आप्पा, माझे वडील, रिक्षा चालवत. सकाळची भाडी सुरू व्हायच्या आत ते मला कॉलेजच्या रॅम्पवर सोडत आणि संध्याकाळी शेवटची शाळा सुटल्यावर न्यायला येत. मधला सगळा दिवस माझा होता. ग्रंथालयात बसून मी कविता वाचत असे. छंदाचं बोट सोडून चालू लागलेल्या, शहरांच्या, एकट्या माणसांच्या, रिकाम्या खोल्यांच्या कविता. पण ओळीच्या शेवटी जिथे थांबून श्वास घ्यायचा तिथे मी श्वास घेत नसे. पोटाखालच्या कळेकडे कान लावून असे. पाणी मी प्यायचेच नाही. उन्हाळ्यातही नाही. माझ्या सगळ्या कवितावाचनाला त्या दिवसांत एक कोरडी, आवळलेली लय होती, आणि ती कवींची नव्हती.

त्याचाच ताप. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन काय सांगितलं ते आईने मला गाळून सांगितलं नाही.

‘मूत्रपिंडाला सूज आलीय म्हणाले. पाणी पीत न्हाई, आणि धरून ठेवती, म्हणून. पुन्हा आला असला ताप, तर कॉलेज बंद. मी स्वतः जाऊन नाव काढून आणणार.’

‘आई, दीड वर्ष काढलं, तेवढंच राहिलंय.’

‘मूत्रपिंड गेल्यावर काय कविता लावून घेणार हायस पोटाला?’

आईला कवितेचा राग नव्हता. तिला मी हवी होते. मी म्हटलं, किल्ली मिळवते. ती म्हणाली, ‘मिळव. न्हाईतर मुक्त विद्यापीठ हायच, घरात बसून कर.’ घरात. सगळ्यांच्या मायेची वाट शेवटी तिथेच येऊन थांबायची.

किल्ली असायची पोरे भाऊसाहेबांकडे, कमरेच्या जुडग्यात. भाऊसाहेब कार्यालयाचे अधीक्षक होते. प्राचार्य बदलत, ते बदलत नसत. निगडे सरांकडून निघून मी सरळ त्यांच्या खिडकीपाशी गेले. खिडकी उंच होती. बसल्या जागेवरून मला त्यांचं कपाळ आणि चष्म्याची वरची कड तेवढी दिसे, आणि त्यांना बहुधा माझा भांग.

‘भाऊसाहेब, त्या शौचालयाची किल्ली पाहिजे होती.’

‘ते अजून सुरू न्हाई झालं.’

‘बांधून कधीच झालंय.’

‘बांधून झालंय गं. उद्घाटन कुठं झालंय?’

‘शौचालयाचं उद्घाटन?’

‘मूल्यांकन समिती यायचीय. त्यांना दाखवायचंय. नव्याचं नवं दिसाय पाहिजे का नको? उघडं टाकलं तर आठवड्यात पोरं पान खाऊन रंगवतील भिंती. मग तूच म्हणशील, भाऊसाहेब, काय ही घाण.’

‘मी काही म्हणणार नाही. मला नुसतं वापरू द्या.’

‘अगं, तुमच्या घरात नवी साडी आली की लगेच नेसून शेण काढाय बसती का तुझी आई?’

शाहीन पुढे झाली. ‘भाऊसाहेब, साडी आणि संडास एक हाय का?’

‘तू मध्ये बोलू नको मुलाणी. तुला हाय की सोय मागं.’ मग आवाज खाली आणून, खरोखर कळवळून, त्यांनी मला सांगितलं, ‘हे सगळं तुझ्यासाठीच तर केलंय, बाळ. जरा दम धर.’

माझ्यासाठी केलेली गोष्ट माझ्यापासून जपली जात होती, आणि या विसंगतीचा काटा त्या इमारतीत माझ्याशिवाय कुणाला टोचत नव्हता. पण मला त्याचं पूर्ण नवलही वाटलं नाही. आमच्याच घरात काचेच्या कपाटात चिनी मातीचा चहाचा संच होता, पाहुण्यांसाठी. पाहुणे येत, आई स्टीलच्या पेल्यांतून चहा देई. तेवढे मोठे पाहुणे अजून आले नव्हते. सोफ्यावरचं प्लास्टिक आम्ही कधी काढलंच नाही. चांगली वस्तू म्हणजे वापरून संपवायची नाही, कुणीतरी परकं येईपर्यंत नवी ठेवायची, ही शिस्त आमच्या सगळ्या गावाच्या हाडांत होती. भाऊसाहेबांनी ती फक्त जिन्याखाली नेऊन ठेवली होती.

प्राचार्य जगदाळेंकडेही गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला (मी प्यायले नाही), आणि म्हणाले, ‘तुझ्यासारखे विद्यार्थी टिकले पाहिजेत ही संस्थेची भूमिका आहे. निगडेंनी तुला सवलत दिलीच आहे ना, हजेरीची?’

‘मला हजर राहायची सवलत हवी आहे, सर.’

‘छान बोलतेस,’ प्राचार्य म्हणाले. ‘समितीसमोर असंच बोल.’

जागतिक दिव्यांग दिनाला निगडे सरांनी माझ्यावर लिहिलेली कविता सभागृहात वाचली. तीत मी गरुड होते, दीपशिखा होते, वादळातली नाव होते. एकाच मुलीने एवढं सगळं व्हायचं म्हणजे फार झालं. टाळ्या थांबल्यावर ते व्यासपीठावरून खाली आले, डोळे पुसत माझ्यापाशी वाकले. ‘कशी वाटली?’

‘चांगली होती, सर. किल्लीचं काय झालं?’

त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं दुखावलेपण होतं, आणि मला त्या दुखावलेपणाचाच संताप आला. म्हणजे आता त्यांची समजूतही मीच काढायची होती.

समितीचा दिवस ठरला तेव्हा मात्र मी सगळ्यांना हवीहवीशी झाले. निगडे सरांचा घरी फोन. भाऊसाहेबांचा फोन. ‘नवीन साडी नेसून ये. रॅम्पच्या पायथ्याशी पुष्पगुच्छ घेऊन तू. पहिलं स्वागत तुझ्या हातून.’ समितीच्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला; तो ठेवून आईने माझ्याकडे पाहिलं. ‘आता बरं बोलावत्यात,’ ती म्हणाली. ‘जाऊ नको.’

‘जाणार.’

‘दिवसभर बसवतील तुला बाहुलीगत. पुन्हा ताप येईल. आला तर सांगून ठेवलंय मी.’

‘माहीत आहे. आई, तांब्या दे इकडं.’

तिने तांब्या दिला. मी तिच्यासमोर घटाघटा तो रिकामा केला आणि परत तिच्याकडे धरला. ‘अजून.’

मग तिला कळलं, की त्या दिवशी ते कुलूप काढावंच लागणार होतं. तिने तांब्या पुन्हा भरला.

समिती सकाळी यायची होती. आधी वाहन उशिरा निघाल्याचं कळलं, मग पाहुणे प्राचार्यांच्या दालनात नाश्ता करत असल्याचं. मग त्यांनी मागच्या दाराने येऊन प्रयोगशाळा आधी पाहिल्या. मी रॅम्पच्या पायथ्याशी पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन बसून होते. गुलाबांच्या देठांचं पाणी साडीत उतरत होतं. सभागृहात लेझीम सुरू झालं, आणि त्याचा प्रत्येक ठेका माझ्या ओटीपोटात पडू लागला.

जिन्याखाली लगबग होती. शौचालयाच्या दारासमोर गृहविज्ञानाच्या मुली रांगोळी काढत होत्या, मोर, आणि मोराच्या पिसाऱ्यात ‘सुस्वागतम्’. दाराच्या चौकटीला झेंडूचं तोरण. कुलूप तसंच.

‘भाऊसाहेब, आता तरी उघडा,’ मी हाक मारली.

‘पाहुणे जवळ आले की. आत्ताच उघडून काय करायचंय?’

‘काय करायचंय म्हणजे?’ शाहीन ओरडली. ‘काय करतात तिथं लोक, आरती?’

‘मुलाणी, आजच्या दिवस तोंड आवर.’

लेझीम थांबलं. सभागृहाचं दार उघडलं, बुटांचा आणि भारदस्त हसण्याचा आवाज व्हरांड्यात शिरला. भाऊसाहेबांनी जुडगा काढला, एक किल्ली चुकली, दुसरी चुकली, तिसरीने कुलूप सुटलं. ते त्यांनी खिशात टाकलं, दार लोटून आत एकदा नजर फिरवली, समाधानाने बाहेर आले.

मी पुष्पगुच्छ शाहीनच्या हातात दिला आणि चाकांना हात घातले.

‘अगं, अगं, कुठं! रांगोळी!’

मोराची मान, पिसारा, सगळं स्वागत माझ्या चाकांना चिकटलं. आत गेले, दार ओढलं, कडी लावली. कडी नवी होती, ग्रीज लावलेली. पहिल्यांदाच बसत असल्यासारखी कुरकुरत जागी बसली.

किती सुंदर होती ती खोली, ते मला अजून आठवतं. भिंतींना रंगाचा ओला वास. कमोडच्या झाकणावर कारखान्याचं पारदर्शक वेष्टण. टाकीवर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. आणि दोन्ही बाजूंना दांड्या, चकचकीत, माझ्या हाताच्या अगदी हव्या त्या उंचीवर. कुणीतरी, कुठेतरी, आराखडा काढताना माझ्यासारख्या मुलीच्या हातांचा विचार केला होता. मी वेष्टण फाडलं. दांडी धरली. त्या इमारतीत पहिल्यांदा माझं शरीर कुणाच्या दयेवर नव्हतं. थंड, घट्ट, निर्विकार लोखंडावर होतं. मी रडले असेन. नक्की सांगता येत नाही, कारण त्या वेळी शरीरातून एवढं काही वाहून जात होतं की त्यात थोडे अश्रू असले तरी हिशेब लागला नसता.

मग मी फ्लशची कळ दाबली. कोरडा खटका झाला. पुन्हा दाबली. पुन्हा खटका. हात लांबवून नळ सोडला. नळाने म्हाताऱ्यासारखा एक सुस्कारा सोडला आणि गप्प झाला.

पाणी नव्हतं.

बाहेर पावलं येऊन थांबली. निगडे सरांचा आवाज, त्यांच्या खास हिंदीत: ‘और यह मॅडम, हमारा दिव्यांग शौचालय. हमारी विद्यार्थिनी रोज इसका उपयोग करती है.’

‘रोज़?’ एका वयस्क बाईचा आवाज. समितीच्या अध्यक्ष असाव्यात.

‘रोज. नियमित.’

‘अच्छा है. देख सकते हैं?’

दार ढकललं गेलं. कडी हलली.

‘अंदर कोई है,’ बाई म्हणाल्या.

‘वही है, मॅडम,’ प्राचार्यांचा आवाज घाईने पुढे आला. ‘वही विद्यार्थिनी. प्रत्यक्ष उपयोग चालू है.’

त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि त्या आनंदाने मला कोंडीत पकडलं. मी गप्प बसले असते, साडी सावरून हसत बाहेर आले असते, तर संध्याकाळच्या आत समितीच्या अहवालात हे शौचालय रोज, नियमित वापरात असतं. आणि उद्या सकाळी त्याला पुन्हा कुलूप असतं. नव्याचं नवं, पुढच्या समितीसाठी. मी घरी. माझं नाव पटावर, हजेरी पूर्ण.

‘मॅडम,’ मी आतून म्हणाले. आवाज टाइल्सवर आपटून माझ्याचकडे मोठा होऊन आला. ‘पानी नहीं है.’



‘लाइट गयी होगी,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘मोटर बंद पडती.’

‘लाइट है,’ मी म्हटलं. माझ्या डोक्यावर ट्यूब जळत होती. ‘और मॅडम, ये रोज नहीं खुलता. आज पहली बार खुला है. बहुत दिन से ताला था. मैं बीमार हो गयी थी.’

पुढचं मला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. निगडे सर ‘पद्मजा!’ म्हणाले, एखादं भांडं हातातून निसटावं तसे. प्राचार्य काहीतरी तांत्रिक अडचणीविषयी बोलू लागले. आणि त्या सगळ्याखालून भाऊसाहेबांचं मराठी कुजबुजणं, जे बहुधा फक्त दाराला आणि मला कळलं: ‘साहेब, टाकीला पाइपच जोडायचा राहिलाय वाटतं. कुणी वापरलंच न्हाई तर कळणार कसं?’

‘तो फिर बाल्टी लाइए,’ बाई म्हणाल्या. ‘लड़की अंदर बैठी है. जल्दी.’

बादली आली. भाऊसाहेब स्वतः घेऊन आले. सफारीच्या पॅंटवर पाणी सांडल्याचं मला नंतर दिसलं. शाहीन बादली घेऊन फटीतून आत शिरली, दार लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. ‘मेलीस तू आता,’ ती म्हणाली. ‘पाणी ओतू का आधी मिठी मारू?’

‘आधी ओत.’

मी बाहेर आले तेव्हा सगळे अर्धवर्तुळात उभे होते, मध्ये विस्कटलेला मोर. अध्यक्षबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, सुती साडीत होत्या. मला वाटलं होतं त्या मला शाबासकी देतील किंवा निगडे सरांना झापतील. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. खाली वाकून माझ्या पातळीवर आल्या आणि विचारलं, ‘क्या पढ़ती हो?’

‘मराठी साहित्य. कविता.’

‘अपना नंबर दो.’ त्यांनी छोट्या डायरीत तो लिहून घेतला. मग सरळ उभ्या राहून, माझ्याकडे नव्हे, प्राचार्यांकडे बघत म्हणाल्या, ‘मैं इसे फ़ोन करूँगी. बीच-बीच में. पूछूँगी कि दरवाज़ा खुला है या नहीं.’

संध्याकाळी पाहुण्यांची गाडी गेली आणि प्राचार्यांनी मला बोलावलं. या वेळी चहा नव्हता. संस्थेची अब्रू, इतक्या लोकांचे कष्ट, घरातलं घरात ठेवायचं असतं, वगैरे. मी ऐकून घेतलं. नाव काढून टाकतील असं वाटलं होतं, आणि ते आईने काढण्यापेक्षा कॉलेजने काढलेलं बरं, असंही मनाशी ठरवून बसले होते. पण प्राचार्य मध्येच थांबले, टेबलावरच्या फोनकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘जा. आणि निगडेंना भेट. त्यांना फार लागलंय.’

निगडे सर विभागात एकटे बसले होते.

‘तू मला सांगायचं होतंस, पद्मजा.’

‘सांगितलं होतं, सर.’

‘असं नाही. नीट सांगायचं होतंस.’

त्यांना याहून नीट कसं सांगायचं असतं ते मला आजही कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली प्लंबर बसला होता आणि हात पाठीमागे बांधून निगडे सर त्याच्या डोक्याशी उभे होते. पाण्याची धार सुरू होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. माझी खुर्ची शेजारून गेली तेव्हा ते नळाकडे बघत होते.

कॉलेजला श्रेणी अपेक्षेपेक्षा खालची मिळाली. ग्रंथालयाविषयी आणि रिक्त पदांविषयी अहवालात पानं भरून लिहिलं होतं म्हणे, पण गावात सगळं खापर माझ्या बादलीवर फुटलं. काही प्राध्यापक माझ्याशी बोलेनासे झाले. मला चाललं. मी पाणी पीत होते, तासाला बसत होते, ग्रंथालयात ओळीच्या शेवटी थांबून श्वास घेत होते. ताप पुन्हा आला नाही. आईने तांब्याचा विषय काढला नाही, कॉलेजचाही नाही.

भाऊसाहेब मात्र अधूनमधून खिडकीतून खाली वाकत.

‘काय गं, आलता का फोन, त्या मॅडमचा?’

‘आला होता की.’

‘काय म्हणाल्या?’

‘चौकशी करत होत्या. तुमची पण केली.’

‘माझी?’ चष्मा नाकावर सरके. ‘काय म्हणालीस?’

‘म्हटलं, भाऊसाहेब फार काळजी घेतात.’

ते खूश होत आणि धास्तावतही. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं त्या सकाळी दाराला पुन्हा कुलूप दिसलं. मी खिडकीपाशी गेले आणि नुसतं म्हणाले, ‘आज दुपारी फोन करते म्हणाल्यात. काय सांगू?’ भाऊसाहेब जुडगा चाचपत माझ्या आधी जिन्याखाली पोचले. त्यानंतर त्यांनी ते कुलूप गोदामाला लावून टाकलं.

तिसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर देऊन मी रॅम्पवर आप्पांची वाट बघत होते. शाहीनचं सीमा-भागात लग्न ठरलं होतं, ती आधीच घरी गेली होती. पहिल्या वर्षाची सुवर्णा टोणपे कुबड्या सरकवत आली आणि माझ्या शेजारी कठड्याला टेकली. बडबडी, नाकात फुली, वाणिज्य शाखेची. या वर्षी जिन्याखालचं दार आम्ही दोघी वापरत होतो.

‘ताई, पोरे भाऊसाहेब काय म्हणत होते माहितीय? पद्मजा खुस्पे चालली, आता परत किल्ली माझ्याकडं. नवी समिती यायचीय म्हणे.’

‘त्यांना सांग, मॅडमनी आता तुझा नंबर घेतलाय.’

‘कुठल्या मॅडमनी? माझा कुणी न्हाई घेतला.’

‘माझा घेतला होता.’

‘तुम्हाला येतो ना त्यांचा फोन. सगळे म्हणतात.’

रस्त्याच्या टोकाला आप्पांची रिक्षा वळताना दिसली.

‘एकदाही आला नाही,’ मी म्हटलं.

सुवर्णाची एक कुबडी काखेतून घसरली, ती मी धरली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू पसरलं, जे मी पुढे कित्येक वर्षं कवितेत पकडायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही.

‘आणि भाऊसाहेबांनी विचारलं, त्या काय म्हणतात फोनवर, तर?’

‘दार उघडं आहे का, एवढंच विचारतात.’

‘मग मी काय सांगते त्यांना?’

‘आजपर्यंत तरी आहे, असं सांगतेस.’